अल्पउत्पन्न देशात बियाण्याची साखळी कशी उभी करावी: पहिल्या पाहणीपासून बाजारापर्यंत

मालावी, केनिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, दक्षिण सुदान, झिम्बाब्वे आणि हैती या सहा देशांतील छोटे शेतकरी बियाणे कुठून आणतात, याचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९० टक्के बियाणे अनौपचारिक मार्गाने येत होते: घरचे राखलेले, शेजाऱ्याकडून घेतलेले किंवा स्थानिक बाजारातून विकत आणलेले. एकट्या स्थानिक बाजाराचाच वाटा ५१ टक्क्यांच्या आसपास होता. कंपन्या, सरकारी महामंडळे, निविष्ठा (बी, खत, औषधे) विक्रेते आणि मदतसंस्था या सगळ्यांच्या हाती मिळून उरला जेमतेम दहावा हिस्सा.

तरीही बहुतेक देशांचे बियाणे धोरण या दहाव्या हिश्शाभोवतीच फिरते. आधी कायदा होतो, मग प्रमाणीकरण यंत्रणा, प्रयोगशाळेची इमारत आणि शेवटी कंपन्यांना सवलती. पाच-दहा वर्षांनी पाहावे, तर संकरित मक्याचे बियाणे बऱ्यापैकी सुधारलेले असते, पण ज्वारी, घेवडा, भुईमूग आणि कसावा जिथल्या तिथेच असतात. माझे मत स्पष्ट आहे. शेतकरी आज जे बियाणे पेरतो तिथून कामाला लागावे, प्रत्येक पिकाची साखळी कुठे तुटते ते शोधावे आणि ज्या कामासाठी दुसरे कोणी पुढे येणार नाही, तिथे सरकारी पैसा घालावा. पुढची मांडणी त्याच क्रमाने आहे.

१. आधी पीकवार पाहणी करा

देशातली आठ-दहा मुख्य पिके निवडा आणि प्रत्येकासाठी शेतकऱ्यांना तेच प्रश्न विचारा. यंदा पेरलेले बियाणे कुठून आले? वाण कोणते, आणि ते किती वर्षांपासून शेतात आहे? मागच्या हंगामात बियाणे कमी पडले का? पडले असेल, तर ते मिळालेच नाही, की मिळत होते पण पैसे नव्हते, की मिळाले पण उगवले नाही? शेवटच्या प्रश्नाची तिन्ही उत्तरे वेगळी नोंदवा, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर बियाणे संपले असेल असे गृहीत धरून मदतीची आखणी झाली. प्रत्यक्षात घेवड्याचे बियाणे स्थानिक बाजारात बऱ्यापैकी होते. लोकांच्या हाती ते विकत घ्यायला पैसा नव्हता. बटाट्याच्या बेण्याची मात्र खरीच टंचाई होती. देश एक, संकट एक, पण दोन पिकांची गरज वेगळी.

पाहणीत बायकांना वेगळे बसवून विचारा. कडधान्ये, भाजीपाला आणि कंदपिकांचे बियाणे निवडणे, वाळवणे, राखणे हे काम अनेक ठिकाणी त्यांच्याकडे असते. ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून फक्त पुरुषांची नोंद केली, तर निम्मी माहिती हातातून जाते. बाजारात धान्य विकणाऱ्यांशीही बोला. पेरणीच्या तोंडावर कोणते पोते बियाण्यासाठी खपेल हे त्यांना पक्के ठाऊक असते. असा माल ते बऱ्याचदा वेगळा ठेवतात आणि भावही जास्त लावतात.

२. पिकांचे गट पाडा

सगळ्या पिकांना एकच नियम लावला की गाडी अडते. बियाण्याच्या दृष्टीने पिकांचे साधारण तीन गट पडतात.

पहिल्या गटात संकरित मका, संकरित भाजीपाला. इथे शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते, म्हणून कंपन्यांना धंदा दिसतो. सरकारने नोंदणी सोपी करावी, नकली मालावर लक्ष ठेवावे आणि बाजूला व्हावे.

दुसऱ्या गटात गहू, भात, घेवडा, चवळी, भुईमूग, सोयाबीन यांसारखी पिके आणि मका, बाजरी यांचे सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेले, घरचे बियाणे पुन्हा पेरता येणारे. एकदा घेतलेले बियाणे शेतकरी काही हंगाम घरचेच वापरतो आणि तो त्याचा शहाणपणाच आहे. पण त्यामुळे मागणी दरवर्षी वरखाली होते आणि मोठी कंपनी या पिकांकडे फिरकत नाही. देशाचे पोट आणि प्रथिने मात्र याच गटावर चालतात. इथे शेतकरी गट, सहकारी संस्था आणि छोटे स्थानिक उद्योजक उभे करावे लागतात.

तिसऱ्या गटात कसावा, रताळी, बटाटा, केळी. यांचे बेणे जड, नाशवंत आणि रोग वाहून नेणारे. कसाव्यावरील तपकिरी रेषा रोग तर कांड्यांबरोबरच एका शेतातून दुसऱ्यात जातो, आणि झाड वरून बरे दिसले तरी कंद आतून कुजलेला निघू शकतो. अशा पिकांत प्रयोगशाळेतून निरोगी मूळ बेणे काढायचे, जाळीघरात वाढवायचे आणि गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर बेणे विकणारे शेतकरी तयार करायचे, ही रचना उपयोगी पडते. रताळ्यासाठी तर साधी युक्ती आहे. निरोगी छोटी रताळी कोरड्या वाळूत साठवायची आणि पावसाच्या दीड-दोन महिने आधी वाफ्यात लावून पाणी द्यायचे. पहिल्या सरीला लावायला वेल तयार मिळतात. कोरड्या हंगामात वेल जळून जाण्याची जुनी अडचण त्याने सुटते.

३. पैदासकार आणि पायाभूत बियाण्याचे गणित मांडा

माझ्या मते सगळ्यात जास्त योजना इथे अडकतात, म्हणून या टप्प्यावर वेळ घालवा. साखळी अशी असते: संशोधन केंद्रात वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, म्हणजे पैदासकाराच्या, देखरेखीखाली थोडे पैदासकार बियाणे, ते वाढवून पायाभूत, आणि ते वाढवून शेतकऱ्याला विकायचे प्रमाणित. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती बियाणे पडायच्या आधी तीन हंगाम जातात. आज मागणी आली म्हणून आज बियाणे तयार करता येत नाही.

समजा एका देशात भुईमुगाखाली एक लाख हेक्टर आहे आणि शेतकऱ्याने दर चार वर्षांनी बियाणे बदलावे असे ठरवले. म्हणजे दरवर्षी २५,००० हेक्टरचे बियाणे हवे. हेक्टरी १०० किलो दाणे धरले तर २,५०० टन. भुईमुगाच्या एका किलोपासून ढोबळमानाने आठ किलो बियाणे मिळते. तेव्हा पायाभूत बियाणे लागेल सुमारे ३१२ टन आणि पैदासकार बियाणे सुमारे ३९ टन. हेक्टरी ८०० किलो बियाणे निघाले, तर एकट्या पैदासकार बियाण्यासाठी पन्नासेक हेक्टर लागतील आणि शेवटच्या टप्प्यावर ३,००० हेक्टरांहून अधिक.

आता तेवढ्याच क्षेत्रासाठी मक्याचा सरळ वाण घ्या. हेक्टरी २० किलोप्रमाणे ५०० टन बियाणे. मक्याचे एकाचे ऐंशी धरले, तर पायाभूत सहा-सव्वासहा टन आणि पैदासकार जेमतेम ८० किलो! हिशेबापुरते म्हटले तर पाच गुंठ्यांत होईल, अर्थात दुसऱ्या मक्याचे पराग येऊ नयेत म्हणून भोवती सोडायची मोकळी जागा वगळून. मक्यात यश मिळालेली योजना भुईमुगात का आपटते, हे या दोन आकड्यांत दिसते. संशोधन केंद्राकडे ३९ टन भुईमूग बियाण्यासाठी ना जमीन असते, ना मजूर, ना साठवणीची जागा.

प्रत्यक्ष आखणीत या आकड्यांवर वीस-पंचवीस टक्के जादा धरा. चाळणीत, तपासणीत आणि अवर्षणात काही माल जातोच. मग तीन निर्णय घ्या. एक, पायाभूत बियाण्याचे काम संशोधन केंद्राकडून काढून वेगळ्या घटकाकडे द्या. शास्त्रज्ञाने नवे वाण काढावे, पोती भरू नयेत. दोन, या बियाण्याला खरी किंमत लावा आणि ते पैसे त्याच कामाच्या खात्यात राहतील असे नियम करा. विक्रीचा पैसा सरकारी तिजोरीत जात असेल, तर पुढच्या हंगामाची पेरणी अनुदानाच्या फाइलवर अडते. तीन, आगाऊ मागणी नोंदवणाऱ्याकडून थोडी अनामत घ्या. मालावीत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने भुईमुगासाठी फिरता निधी चालवला. बीजोत्पादकांना बियाणे देऊन तयार माल विकत घ्यायचा, तो विकून आलेला पैसा पुन्हा पुढच्या हंगामात घालायचा. लहान देशांसाठी हा नमुना अभ्यासण्यासारखा आहे.

४. वाण निवडताना शेतकऱ्याला शेवटी नव्हे, सुरुवातीला बोलवा

वाण नोंदणीसाठी दोन कसोट्या असतात. वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे का ही पहिली, आणि लागवडीला व वापराला ते उपयोगी आहे का ही दुसरी. दुसऱ्या कसोटीत फक्त उत्पादन मोजू नका. शिजायला किती वेळ लागतो, दळण कसे पडते, कडबा गुरे खातात का, कणसावरचे आवरण भुंग्याला रोखते का, हे शेतकऱ्यांच्याच रानात आणि त्यांच्याच खताच्या मात्रेत पाहा. जास्त उत्पादन देणारे पण कोठीत दोन महिन्यांत किडणारे वाण कोणी दुसऱ्यांदा पेरत नाही.

प्रत्येक वाणाची शून्यापासून चाचणी घेण्याची चैन लहान देशांना परवडत नाही. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांच्या कोमेसा या व्यापारी गटाने २०१४ मध्ये नियम केले की दोन सदस्य देशांत नोंदलेले वाण प्रादेशिक यादीत येऊन इतर सदस्य देशांतही विकता येईल. हवामान जुळत असेल, तर शेजाऱ्याच्या चाचण्या मान्य करा आणि वाचलेली दोन-तीन वर्षे बियाणे वाढवण्यात घाला.

एक वाण गाजले म्हणून थांबू नका. २०१० मध्ये इथिओपियात गव्हावर पिवळ्या तांबेऱ्याची साथ आली आणि सर्वदूर पसरलेले ‘कुब्सा’ हे वाण तिला बळी पडले. प्रतिकारक वाणे घाईने वाढवून पसरवली गेली. त्यांतले ‘दिगेलू’ लोकप्रिय झाले, आणि २०१३-१४ च्या हंगामात खोडावरील तांबेऱ्याच्या नव्या प्रकाराने तेही गारद केले. म्हणून नोंदणीच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या एक-दोन वाणांचे बियाणे, अंतिम मंजुरीची वाट न पाहता, थोड्या प्रमाणात वाढवायला घ्या. एखादे नाकारले गेले तर धान्य म्हणून विकता येते. तो तोटा साथीच्या तोट्यापुढे काहीच नाही.

५. बीजोत्पादक शेतकरी घडवा

मोठे बागायतदारच निवडावेत असे नाही. ज्याच्याकडे नजर आहे, रानात रोज जाण्याची सवय आहे आणि गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, असा माणूस हवा. पंधरा-वीस जणांचा गट, एका गटाला एकच पीक आणि शक्यतो एकच वाण. एकाच खळ्यावर तीन वाणे आली की भेसळ टाळणे अवघड.

प्रशिक्षण कागदावर नको, रानात हवे. भात, गहू यांसारख्या स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणे धरणाऱ्या) पिकांना शेजारच्या प्लॉटपासून तीनेक मीटर पुरतात. मक्याला किमान २०० मीटर लागतात, पायाभूत बियाण्याला त्याहून जास्त. भेसळ काढण्यासाठी किमान तीन फेऱ्या: वाढीच्या काळात, फुलोऱ्यात आणि काढणीआधी. वेगळ्या उंचीचे, वेगळ्या रंगाच्या फुलाचे, रोगट झाड दिसले की मुळासकट उपटून रानाबाहेर न्यायचे. स्वतःच्या हाताने भरदार झाड उपटणे शेतकऱ्याला जिवावर येते, म्हणून पहिल्या हंगामात प्रशिक्षकाने सोबत चालावे.

काढणीनंतरच्या चुका सगळ्यात महाग पडतात. मळणी यंत्र आधी रिकामे फिरवून झटकायचे, पहिली काही किलो बाजूला काढून धान्यात टाकायची. जुनी पोती वापरायची असतील, तर उलटी करून शिवणीत अडकलेले दाणे काढायचे. मग वाळवण. ढोबळ नियम असा की बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य साधारण दुपटीने वाढते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरीही तसेच. शीतगृह परवडत नसलेल्या देशात कोरडेपणा हाच स्वस्त उपाय आहे. तृणधान्ये १२ टक्क्यांपर्यंत, शेंगांसह भुईमूग ९ टक्क्यांपर्यंत आणावा.

ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. त्यात बियाणे आणि चांगले वाळवलेले मीठ घालून झाकण लावा, काही मिनिटे हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, बियाणे पुन्हा उन्हात घाला. मीठ चिकटले नाही म्हणजे १२ टक्के झाले असे मात्र नाही. तिथून पुढे अजून दोन-तीन उन्हे द्यावी लागतात. कोरडे झालेले बियाणे हवाबंद पिशवीत किंवा पिंपात भरा. ओले बियाणे हवाबंद केले तर आतच मरते, हे प्रत्येक गटाला पुन्हा पुन्हा सांगा.

उगवण तपासणी घरी होते. सरसकट, निवडून न घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवडाभराने सशक्त कोंब मोजा. ८५ आले तर उगवण ८५ टक्के. ही तपासणी काढणीनंतर आणि विक्रीच्या आधी, अशी दोनदा करा.

६. गुणवत्तेची खात्री देशाच्या ऐपतीप्रमाणे

पूर्ण प्रमाणीकरणात प्रत्येक प्लॉटवर निरीक्षक जावा लागतो. गाड्या, डिझेल आणि माणसे नसतील, तर निरीक्षक फुलोरा संपल्यावर पोहोचतो आणि दाखला निरर्थक होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९३ मध्ये मांडलेली आणि २००६ मध्ये सुधारलेली ‘गुणवत्ता घोषित बियाणे’ पद्धत याच अडचणीसाठी आहे. उत्पादक स्वतः तपासणी करून गुणवत्ता जाहीर करतो आणि सरकारी यंत्रणा किमान १० टक्के प्लॉट व १० टक्के विक्रीचा माल अचानक तपासते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या पिकांना ही पद्धत लावा, संकरित आणि निर्यातीच्या बियाण्याला पूर्ण प्रमाणीकरण ठेवा. पण ते १० टक्के खरोखर तपासले गेले पाहिजेत, आणि दोषी उत्पादकाची नोंदणी रद्द झाली पाहिजे.

बियाणे उगवले नाही की सगळे ‘नकली’ म्हणून मोकळे होतात. युगांडात २०१७ च्या एका अभ्यासाने बाजारातल्या संकरित मक्याच्या बियाण्याबद्दल गंभीर शंका घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने पुरवठा साखळीतले नमुने तपासले, तेव्हा वाण बरेचसे खरे निघाले आणि हाताळणी व साठवण यांवर बोट ठेवले गेले. म्हणून नमुने प्रत्येक टप्प्यावर घ्या: कंपनीच्या गोदामात, घाऊक व्यापाऱ्याकडे, गावच्या विक्रेत्याकडे. कुठे घसरण होते ते कळले, तर पोलीस पाठवायचे की पत्र्याच्या तापलेल्या खोलीतून पोती हलवायची, हे ठरवता येते. नकली मालासाठी केनियाने पाकिटावर खरडून पाहायचे लेबल लावले; त्यातला क्रमांक एसएमएसने पाठवला की माल खरा की खोटा ते कळते. साध्या फोनवर चालणारा हा उपाय आहे.

७. विक्री

लहान पाकिटे करा. नवे वाण शेतकरी आधी रानाच्या एका कोपऱ्यात लावून बघतो; त्याला २५ किलोची पिशवी नको, एक किलो हवे. पाकिटावर चित्र, पेरणीचा काळ, उगवण टक्के आणि तपासणीची तारीख स्थानिक भाषेत छापा. गावच्या आठवडी बाजारात बसणारी धान्यविक्रेती बाईसुद्धा हे पाकीट विकू शकते, आणि शेतकरी तिच्याकडे तसाही येतोच.

वितरण एका सरकारी वाटेने नेऊ नका. इथिओपियात बियाणे सरकारी वाटपातून जाई; मागणीचे आकडे खालून वर आणि बियाणे वरून खाली येताना उशीर होई, आणि बियाणे वाईट निघाले तर जबाबदार कोण हे ठरत नसे. २०११ पासून तिथे उत्पादकाने थेट शेतकऱ्याला विकण्याचे प्रयोग सुरू झाले. विकणाऱ्याचे नाव पाकिटावर आले की उत्तरदायित्व आपोआप येते.

८. पैसा आणि अनुदान

बीजोत्पादक गट काढणीच्या वेळी अडचणीत येतो. शेतकऱ्याला लगेच पैसे हवे असतात आणि बियाणे विकले जाते पाच-सहा महिन्यांनी. या मधल्या काळासाठी गोदाम पावतीवर, म्हणजे गोदामात ठेवलेल्या मालाच्या तारणावर, कर्ज मिळाले नाही, तर उत्तम बियाणे धान्य म्हणून विकले जाते. मी तर म्हणेन, एक प्रयोगशाळा कमी बांधा, पण हे कर्ज उभे करा.

फुकट वाटप शक्यतो टाळा. ज्या गावात सरकार किंवा मदतसंस्था दरवर्षी बियाणे वाटते, तिथे स्थानिक विक्रेता टिकत नाही, आणि मदत थांबली की दोन्ही वाटा बंद होतात. द्यायचेच असेल तर कूपन द्या. मालावीच्या २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या निविष्ठा अनुदान योजनेत मक्याच्या बियाण्याचे कूपन खासगी विक्रेत्याकडे वटवता येई. पण कूपनमध्ये कडधान्ये आणि भुईमूग यांनाही जागा द्या, नाहीतर सगळे रान मक्याकडे झुकते. आणि कूपन कधी बंद होणार, हे पहिल्याच वर्षी जाहीर करा.

दुष्काळ, पूर किंवा युद्धानंतर पहिल्या टप्प्यात सांगितलेली पाहणीच पुन्हा करा, फक्त आठवडाभरात. बाजारात बियाणे असेल तर बाहेरून आणू नका. कूपन देऊन बियाणे मेळा भरवा, जिथे स्थानिक शेतकरी आणि व्यापारी आपले बियाणे मांडतात. बाहेरचे बियाणे आणावेच लागले, तर त्या हवामानात आधी पिकलेले वाणच आणा.

९. कायदा करताना

कायदा शेवटी सांगतो आहे, कारण साखळी समजल्याशिवाय केलेला कायदा ती आवळतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा करारानुसार सदस्य देशांना वनस्पती वाणांना संरक्षण द्यावे लागते, पण ते पेटंटचेच हवे असे नाही. स्वतःच्या गरजेनुसार वेगळी पद्धत आखता येते. अतिअविकसित देशांना तर १ जुलै २०३४ पर्यंत सूट आहे. ही मुदत वाया घालवू नका. युपोव्ह या वाण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या आवृत्तीत संरक्षित वाणाचे बियाणे शेतकऱ्यांनी आपसात देण्याघेण्यावर बरीच बंधने येतात. भारताच्या २००१ च्या कायद्याने वेगळी वाट काढली: पैदासकाराला हक्क दिला आणि शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देवाणघेवाणीचा, विकण्याचाही हक्क ठेवला; फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. ज्या देशात ९० टक्के बियाणे अशाच अनौपचारिक मार्गांनी येते, तिथे हे मार्ग बेकायदा ठरवणारा कायदा माझ्या दृष्टीने अन्याय आहे.

स्थानिक वाणांचे नमुने राष्ट्रीय जनुकपेढीत ठेवा, त्यांची दुसरी प्रत देशाबाहेरही ठेवा, आणि गावपातळीवर बियाणे बँका चालवा. तिथे वाण दरवर्षी पेरले जाऊन टिकते आणि गरजेला लगेच मिळते.

१०. काय मोजायचे

किती टन प्रमाणित बियाणे तयार झाले, हा आकडा अहवालात शोभतो. त्यावर विसंबू नका. दर दोन वर्षांनी शेतात उभ्या असलेल्या वाणांचे सरासरी वय काढा, म्हणजे नोंदणी होऊन किती वर्षे झाली ते. हे वय उतरत नसेल, तर नवी वाणे कागदावरच आहेत. विक्रेत्याकडच्या बियाण्याची उगवण पेरणीच्या आठवड्यात तपासा. बीजोत्पादक गटांपैकी किती गट अनुदानाशिवाय दुसऱ्या, तिसऱ्या हंगामात टिकले ते मोजा. आणि नवे वाण मिळालेल्यांत बायका किती, मुख्य रस्त्यापासून लांबची गावे किती, हे वेगळे काढा. पहिल्या तीन वर्षांत दोन पिकांतच हे आकडे सुधारले तरी पुरे. तिसरे पीक त्यानंतर हाती घ्या.